वय ५८, चौतीस वर्षं सायकल, आणि डेक्साचा रिपोर्ट पिवळ्यात. हाडं परत भरतात काय?

शहापूरचा_सायकलवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचालोय, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांब होईल.

मी बेळगावच्या शहापूरचा. उद्यमबागेत एका मशीन शॉपला ३४ वर्षं लेथवर काढलो, जाणं-येणं कायम सायकलनं. बारा वर्षांमागं गिअरची सायकल घेतलो, तेव्हापासून आठवड्याला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर होतातच. पहाटे साडेपाचला घर सोडायचं, कधी पिरनवाडीवरनं किणये-जांबोटी, कधी खानापूर, रविवारी जमलं तर चोर्ल्यापर्यंत. वजन ५९ किलो, उंची पाच फूट आठ. शुगर नाही, बीपी नाही, सकाळी नाडी बघितलो तर ५२-५४. आमच्या गल्लीत माझ्या वयाचे सगळे गोळ्यांचे डबे घेऊन हिंडतात, मला एक गोळी नव्हती.

दोन महिन्यांमागं किणयेच्या पुढं एका वळणावर खडी पसरलेली, समोरनं म्हशी आल्या, ब्रेक दाबलो, सायकल जवळजवळ उभीच राहिली होती आणि तशाच डाव्या बाजूला कलंडलो. वेग म्हणाल तर चालत्या माणसाचा. तळहात टेकलो आणि वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला, दुखायच्या आधी तो आवाज ऐकलो. मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर.

हाडाचे डॉक्टर एक्सरे बघून म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं हे मोडायला नको होतं, डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा एक्सरे, करून या. केलो. कंबरेच्या मणक्याचा टी-स्कोअर उणे २.३, खुब्याचा उणे १.४. त्या कागदावर वर हिरवा, मध्ये पिवळा, खाली लाल असा पट्टा असतोय बघा, त्यात मणक्याचा ठिपका पिवळ्याच्या अगदी खालच्या काठाला, लालला टेकायचाच बाकी. चार वर्षांमागं एका मोफत शिबिरात टाचेला मशीन लावून 'हाडं एकदम फर्स्ट क्लास' म्हणून सांगितले होते, त्याच्या भरवशावर मी बसलो.

रात्री झोप लागंना झालीय. एवढा व्यायाम करून हाडं कशी गेली? सायकल बंद करायची काय? बायको म्हणते बंद कर. आणि या वयात हाड परत भरतंय काय, का फक्त गोळ्या? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

---

फिजिओ_टिळकवाडी

काका, पहिलं सांगते, सायकल बंद करू नका. तुमचं हृदय, फुफ्फुसं, शुगर, हे सगळं त्या सायकलनं सांभाळलंय. फक्त हाडाचं काम तिनं केलेलं नाही, ते तिच्याकडून होतही नाही.

हाड ही जिवंत वस्तू आहे, रोज थोडं खरवडलं जातं, रोज थोडं नवीन घातलं जातं. नवीन किती घालायचं हे ठरतं त्याच्यावर भार किती पडतो, धक्का किती बसतो यावर. सायकलवर तुमचं वजन सीट उचलते, पाय गोल गोल फिरतात, जमिनीचा धक्का खुब्यापर्यंत, मणक्यापर्यंत पोचतच नाही. तीन तास चालवा नाहीतर सहा तास, हाडाला निरोपच जात नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठानं २००८ साली रोड सायकल चालवणारे पुरुष आणि धावणारे पुरुष यांची तुलना केली होती, सायकलवाल्यांपैकी ६३ टक्क्यांचं हाड मणक्यात नाहीतर खुब्यात कमी निघालं, धावणाऱ्यांत हेच १९ टक्के. अंतराळात जाणाऱ्यांचं बघा, तिथं वजनच नाही तर खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्क्यानं उतरतं. म्हणजे व्यायामात तुम्ही कुठं कमी पडला नाही, हा धोका तुम्हाला कुणी वेळेवर सांगितला नाही एवढंच.

रिपोर्टबद्दल. टी-स्कोअर म्हणजे तरुण धडधाकट माणसाच्या हाडाशी तुलना. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे ऑस्टिओपेनिया म्हणजे हाड कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाड ठिसूळ. तुम्ही मधल्यात आहात पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, हळू वेगात पडून मनगट मोडलंय ही गोष्ट डॉक्टर वेगळी मोजतात, औषध द्यायचं की नाही ते दोन्ही एकत्र बघून ठरतं. आणखी एक, पन्नाशीनंतर मणक्याला कडेनं हाड वाढलेलं असतं, ते मशीनमध्ये मोजलं जाऊन मणक्याचा आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसू शकतो, तेव्हा पुढच्या वेळी खुब्याच्या आकड्यावरही लक्ष ठेवा. टाचेच्या मशीनवर डेक्साचा निर्णय होत नाही, त्या शिबिराचं मनातून काढून टाका.

औषध सुरू करायच्या आधी रक्त तपासून घ्या: व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस, पॅराथायरॉइड, थायरॉइड, किडनी, आणि पुरुषांत टेस्टोस्टेरॉन. कधी कधी हाड जायला दुसरंच कारण असतं आणि ते सापडलं तर उपचारच बदलतो. दम्यासाठी वगैरे स्टिरॉइडच्या गोळ्या पूर्वी खाल्ल्या असतील तर तेही डॉक्टरांना आठवणीनं सांगा.

आता व्यायाम. आठवड्यातनं दोन दिवस वजन उचलायचं. खाली बसून उठणं, जमिनीवरनं वजन उचलणं, डोक्यावर वजन ढकलणं, हे तीन मुख्य. ऑस्ट्रेलियात लिफ्टमॉर नावाचा एक अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला, पाळी गेलेल्या आणि हाडं कमी असलेल्या बायका, आठवड्याला दोनदा अर्धा अर्धा तास, चांगलं जड वजन आणि उड्या, आठ महिने, सगळं देखरेखीखाली. त्यांच्या मणक्याचं हाड सरासरी २.९ टक्के वाढलं, आणि ज्या घरी हलका व्यायाम करत होत्या त्यांचं १.२ टक्के घटलं. म्हणून गुलाबी डंबेल वीस वेळा हलवून काही होत नाही, पण तुम्ही एकदम जडावर जायचं नाही, पहिले दोन-तीन महिने फक्त पद्धत शिकायची. आणि मनगटाला डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत हातावर भार अजिबात नको.

दुसरं म्हणजे धक्का. पहिल्यांदा भिंतीला धरून टाचा उचलून खाली आपटणं, महिन्यानं दोन पायांवर छोट्या उड्या. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात ६५ ते ८० वयाच्या पुरुषांना वर्षभर रोज एकाच पायावर ५० उड्या मारायला लावल्या, दुसऱ्या पायाला काही नाही. वर्षानं उड्या मारलेल्या पायाचं खुब्याजवळचं हाड सरस निघालं. त्याच माणसाचे दोन पाय, त्याच घरचं जेवण, फरक फक्त उड्यांचा. मला हा अभ्यास फार आवडतो कारण पेशंटला समजावून सांगायला दुसरं काही लागत नाही.

जे करायचं नाही ते नीट वाचा. पाठ गोल करून पुढं वाकणं बंद. पायाचे अंगठे धरणं, झोपून पोटाचे व्यायाम, सूर्यनमस्कारात वाकून जमिनीला हात टेकणं, गॅसचं सिलिंडर किंवा पाण्याची घागर पाठ वाकवून उचलणं, हे सगळं. कमी झालेलं हाड मणक्याच्या पुढच्या बाजूनं दबतं आणि बऱ्याच वेळा कळतही नाही, उंची कमी झाल्यावर कळतं.

---

वाऱ्याशी_स्पर्धा

काका टेन्शन नका घेऊ, मेडिकलमधनं ६०,००० ची व्हिटॅमिन डी ची पाकिटं आणा, रोज एक दुधातनं घ्या, माझ्या मित्राच्या वडिलांना दिली होती. आणि सायकल ऐवजी स्विमिंग चालू करा, सांध्यांना बेस्ट.

---

फिजिओ_टिळकवाडी

रोज नाही! ६०,००० युनिटचं पाकीट साधारण आठवड्यातनं एकदा, ठरावीक आठवडे, आणि तेही डॉक्टर सांगतील तसं. रोज घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढत जातं, उलट्या, सुस्ती, किडनीला त्रास, दवाखान्यात भरती करायची वेळ येते. चांगल्या मनानं सांगितलंय तुम्ही, पण कुणी वाचून तसं करू नये म्हणून लगेच लिहिते. आणि पोहणं चांगलंच आहे पण हाडाच्या बाबतीत ते सायकलच्याच रांगेत बसतं, पाणी वजन उचलतं.

---

खानापूरचे_मास्तर

भाऊ, तुमचं वाचून मला माझीच पाच वर्षांमागची गोष्ट वाचल्यासारखं झालं. मी ६६, प्राथमिक शाळेतनं रिटायर झालोय, सायकल ४० वर्षं. ६१ ला पाठीत उसण भरली म्हणून गेलो तर मणका उणे २.६ निघाला. मला वाटलं आता संपलं. तेव्हा कुणीतरी मला ख्रिस बोर्डमनचं सांगितलं, इंग्लंडचा सायकलपटू, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकात सुवर्ण जिंकलेला, त्यालासुद्धा तिशीच्या आसपास ठिसूळ हाडांचं निदान झालं, त्याच्यात हार्मोनही कमी होतं, २००० साली त्यानं खेळ सोडला. एवढ्या मोठ्या माणसाला होतंय तर आपण लाजायचं कारण नाही हे मनात पक्कं बसलं, तेवढाच आधार.

मला डॉक्टर आठवड्याची गोळी दिले, अलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम. ती घ्यायची पद्धत कडक आहे, लिहून ठेवा कारण मेडिकलवाला सांगत नाही. सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी, साध्या पाण्याचा भरलेला ग्लास, चहा नाही दूध नाही, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जाळते. मी रविवार ठरवलोय, गोळी घ्यायची, अंगण झाडायचं, झाडांना पाणी घालायचं, मग चहा. सुरू करायच्या आधी दात दाखवून घेतलो, दाढ काढायची असेल तर आधी काढून घ्या म्हणाले होते.

पण मला जे बदललं ते तालमीनं. आमच्या गावात जुनी तालीम आहे, पोरं कमी येतात आता, पण वस्ताद रोज येतात. मी गेलो आणि सांगितलो, मला वजन उचलायला शिकवा पण पाठ मोडायची नाही. ते मला पंधरा दिवस वजनाला हातच लावू दिले नाहीत. लांब काठी घेऊन माझ्या पाठीवर उभी धरायचे, डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तीन ठिकाणी काठी टेकली पाहिजे, आणि तसंच बूड मागं नेत वाकायचं. जरा पाठ गोल झाली की काठी सुटायची आणि ते काठीनंच हळू टकटक करायचे, परत. कंबरेतनं वाकायचं नाही, खुब्यातनं वाकायचं, हे साठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर दहा किलोची वाळूची पिशवी, मग पंधरा, वर्षभरानं पस्तीस. आता पन्नासची पिशवी जमिनीवरनं छातीपर्यंत पाच वेळा घेतो, थांबतो, परत पाच. सोमवार आणि गुरुवार, बाकी दिवस सायकल.

तीन वर्षांनी त्याच सेंटरला, त्याच मशीनवर स्कॅन केलो. उणे २.१. गोळीनं किती, पिशवीनं किती ते देव जाणे, दोन्ही सोडलो नाही. पण एक लक्षात ठेवा, सहा महिन्यांत परत स्कॅन करू नका, हाड हळू चालतं, एवढ्यात झालेला फरक मशीनच्या चुकीत बुडून जातो. दीड-दोन वर्षांनी करा, आणि सेंटर बदलू नका.

---

निपाणीची_अक्का

मी ५५, निपाणीची, हायवेच्या सर्व्हिस रोडनं सायकल चालवते, आठवड्याला शंभरेक किलोमीटर. बायकांनी हे जास्त वाचावं, पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं हाड वर्षाला दोन-तीन टक्क्यांनीसुद्धा उतरू शकतं, माझं तसंच झालं.

व्यायामाचं वरती छान सांगितलंय, मी खाण्याचं सांगते कारण दादांनी वजन ५९ लिहिलंय आणि मला तिथंच थांबावं वाटलं. दादा, सकाळी साडेपाचला काय खाऊन निघता? मला खात्री आहे चहा आणि दोन बिस्किटं. तीन तास सायकल मारून येऊन नऊला नाष्टा. शरीराला रोजच कमी पडलं की ते आधी हाडाचा खर्च बंद करतं. माझ्या डॉक्टरांनी मला हेच सांगितलं, बारीक राहणं म्हणजे तब्येत असं मी वीस वर्षं समजत होते.

घामातनं कॅल्शियम जातं. रक्तातलं थोडं जरी घसरलं की पॅराथायरॉइड हार्मोन वाढतं आणि हाडातनं काढून रक्तात आणतं. म्हणून लांब जायचं असेल त्या दिवशी मी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी वाटीभर दही आणि एक केळं, नाहीतर रात्रीची नाचणीची आंबील ताक घालून. पोटाला जड होत नाही.

दिवसाचा हिशोब आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिशोबानं मोठ्या माणसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्या. पाव लिटर दूध किंवा तेवढं दही तीनशेच्या जवळपास. बिनपॉलिशच्या तिळाची चटणी दोन चमचे, दोनशेपर्यंत. वर हुलग्याचं माडगं किंवा उसळ आठवड्यातनं तीनदा. खाणारे असाल तर काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी, आमच्याकडं बाजाराच्या दिवशी मिळते. एवढं झालं की गोळीची गरज फार उरत नाही, उरली तर जेवणाबरोबर आणि एका वेळी पाचशेच्या वर नाही, जास्त घेतलं तरी अंगी लागत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी दोन्हीत चार तासाचं अंतर ठेवा. मुतखडा झालेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नको. आणि नुसतं कॅल्शियम नाही, प्रोटीनसुद्धा, हाडाचा सांगाडा त्याचाच, डाळ, अंडी, झुणका, शेंगदाणे, रोज किलोमागं एक ग्रॅम तरी पोटात गेलं पाहिजे.

उन्हाचं पण. पहाटे साडेपाचला निघून साडेआठला परत, फुल बाह्यांची जर्सी, हेल्मेट, ग्लोव्हज, ऊन लागतं कुठं? सकाळच्या कोवळ्या उन्हानं डी मिळतं हे चुकीचं आहे, सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं. मी दहा-साडेदहाला गच्चीवर कपडे वाळत घालते तेव्हा हात-पाय उघडे ठेवते. आणि जून ते सप्टेंबर आपल्या भागात सूर्यच दिसत नाही, बेळगावात तर विचारूच नका, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडाला लेव्हल तपासून घेतलेली बरी.

शेवटचं, पडायचंच नाही हे हाड भरण्याइतकंच महत्त्वाचं. मी बारीक टायर काढून ३२ मिलिमीटर रुंदीचे घातले, हवा थोडी कमी, खडीवर फार फरक पडतो. दात घासताना एका पायावर उभी राहते, आधी दहा सेकंद जमत नव्हतं. आणि दारातलं शेवाळ, पावसाळ्यात फरशीवर हिरवं चढतं ना, ते दर आठवड्याला ब्रशनं घासून काढते. माझ्या सासूबाईंचा खुबा त्या शेवाळावरच गेला.

---

शहापूरचा_सायकलवाला

तुम्हा सगळ्यांचं वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच सांगतो. दहा दिवसांनी लिहालोय कारण रिपोर्ट यायचे होते.

अक्का, चहा आणि दोन बिस्किटंच होती. बायकोला तुमचं वाचून दाखवलो, तिनं दुसऱ्या दिवशीच पाच किलो नाचणी दळून आणली.

व्हिटॅमिन डी १४ आलंय, वीसच्या खाली म्हणजे कमीच म्हणाले. थायरॉइड, पॅराथायरॉइड, किडनी चांगली. टेस्टोस्टेरॉन खालच्या काठाला आहे पण हद्दीत आहे, वजन दोन-तीन किलो वाढवा आणि तीन महिन्यांनी परत बघू म्हणाले. आठवड्याला एक पाकीट, आठ आठवडे. हाडाची गोळी डी भरल्यावर सुरू करायचं ठरलंय, तोवर दातांचं बघून घेतो. सायकल प्लास्टर काढून दीड महिना झाल्यावर, पहिल्यांदा सपाट रस्त्यानं, एवढी परवानगी मिळाली. बायको पण ऐकून होती, ती आता बंद कर म्हणत नाही.

टाचा आपटणं सुरू केलोय, सकाळ-संध्याकाळ वीस वीस. पहिल्या दिवशी कपाटावरची भांडी वाजली म्हणून खालच्या घरातले वर आले, त्यांना समजावून सांगितलो, आता त्यांची आई पण करते, ७१ वय आहे त्यांचं, टेबल धरून करतात.

ताई, एक विचारायचं होतं. घाटात चढावर सीटवरनं उठून उभं राहून पेडल मारलं तर हाडाला चालतंय काय? आणि मास्तर, ते काठीचं मी घरी आरशासमोर करून बघितलो, मला कळंना काठी सुटते काय टेकते.

---

फिजिओ_टिळकवाडी

काका, उभं राहून मारणं बसून मारण्यापेक्षा बरं, पण त्यावर विसंबू नका, जमिनीचा धक्का त्यातही नाही. त्यापेक्षा आठवड्यातनं एकदा सायकल खाली लावून राजहंसगडावर पायी चढा. वर जाताना स्नायूंना काम, उतरताना हाडाला धक्का. उतरताना घाई नको आणि पाऊस असेल तर जाऊच नका, दगड निसरडे असतात.

खालच्या आजींना सांगा की आधी डॉक्टरांना विचारा, मणका आधीच दबलेला असेल तर आपटणं चालत नाही.

---

खानापूरचे_मास्तर

भाऊ, काठी आरशात कळत नाही, दुसऱ्यानं धरावी लागते. सायकलनं येऊ नका, मनगट अजून कच्चं आहे, सकाळच्या बसनं या. गुरुवारी सात वाजता तालमीत असतो, वस्तादांना सांगून ठेवतो. येताना काहीतरी खाऊन या.